दातांनी ऐकणारे चाचा

पंपाचा आवाज दातांनी ऐकणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. हातभर लांब स्क्रू ड्रायव्हर, त्याचं टोक चालत्या पंपाच्या अंगाला टेकवलेलं, लाकडी मूठ दातांत धरलेली आणि डोळे मिटलेले. असे ते दोन-तीन मिनिटं उकिडवे बसायचे. मग डोळे उघडून म्हणायचे, "फुटाणे भाजतोय." किंवा, "घसा बसलाय ह्याचा." कधी नुसतंच, "रुसलाय."

त्या 'रुसलाय'चा अर्थ संगणकाला कळेल अशा भाषेत लिहून काढणं, ही माझी नोकरी होती.

कंपनी शेतीपंप बनवायची. कारखाना आणि मुख्य कचेरी सांगलीत; सातारा, वडूज, तासगाव आणि जतला दुरुस्तीची केंद्रं. नव्वदच्या दशकाचा मध्य असावा. मालकांच्या मुलाला सगळे धाकटे साहेब म्हणत. त्यांनी सांगलीत एक मोठा संगणक आणून एका थंडगार खोलीत बसवला. आत जाताना चपला बाहेर काढाव्या लागत. केंद्रांवर संगणक नव्हता, फक्त पडदा आणि कळफलक. जतचा कारकून जे टाइप करी ते टेलिफोनच्या तारेवरून सांगलीत येई आणि उत्तर परत जतच्या पडद्यावर उमटे. यंत्र एकीकडे आणि काम दुसरीकडे, ही गोष्ट तेव्हा भल्याभल्यांच्या गळी उतरत नव्हती. चाचांना ती पहिल्याच दिवशी पटली. "म्हंजे हीर सांगलीत, आन् पाणी जतंत," ते म्हणाले. "मग त्यात काय कळायचं न्हाई?"

धाकट्या साहेबांना त्याच्याही पुढे जायचं होतं. यंत्राने नुसती माहिती साठवू नये, विचार करावा. शेतकऱ्याने केंद्रावर यावं, पंपाची तक्रार सांगावी, यंत्र सुचवील ते प्रश्न कारकुनाने विचारावेत आणि शेवटी यंत्राने पंपाचा आजार सांगावा. अशा कार्यक्रमाला, म्हणजे प्रोग्रॅमला, तेव्हा एक्स्पर्ट सिस्टीम म्हणत. त्यासाठी आधी एक एक्स्पर्ट लागायचा. आमच्याकडे तो एकच होता.

चाचा मूळचे साताऱ्याचे. तरुणपणी कारखान्यात फिटर म्हणून लागले ते सर्व्हिस खात्याचे मिस्त्री झाले. मालकांपासून पहाऱ्यावरच्या माणसापर्यंत सगळे त्यांना चाचा म्हणत. मी त्यांच्या मुलीच्या वयाची, वाईची, पुण्यात संगणकाचा डिप्लोमा करून नुकती कामाला लागलेली. मला ते बाई म्हणायचे, शाळेतल्या बाईंना म्हणतात तसं.

खुर्चीवर ते बसत नसत. कारखान्याच्या मागे पंप तपासायचा एक लांबलचक हौद होता. त्याच्या कठड्याला पाठ लावून ते जमिनीवर बसत आणि मी शेजारी वही घेऊन. दुपारी पत्र्याच्या फटीतून ऊन पाण्यावर पडे आणि त्याच्या लाटा छपरावर हलत राहत. ओळीने पाच-सहा पंप चालू असत. त्या घरघरीत चाचा बोलू लागले की मला काही वेळाने मी कुठे आहे याचा विसर पडे.

"हे बगा बाई, हिरीचं पाणी खाली गेलं की पंप वडून वडून दमतो. तवा फुटाण्यावानी आवाज येतो. फूटव्हॉल्व्हमधनं हवा शिरली की मग धाप लागल्यावानी. थोडं पाणी, मग न्हाई, मग थोडं."

मी लिहून घेई : आवाज तडतडणारा आहे का? असल्यास विहिरीची पातळी विचारा. पाणी थांबून थांबून येतं का? असल्यास तळाची झडप तपासा.

"आन् मोटर नुसती हुं करती पर फिरत न्हाई. आजारी माणूस उठायला बगतं आन् उठवत न्हाई, तसं."

मी लिही : मोटर गुणगुणते पण फिरत नाही? एक फेज गेलेला आहे का पाहा.

रोज कामाला लागण्याआधी ते आदल्या रात्रीचं स्वप्न सांगत. स्वप्न बहुतेक एकच असे, थोडंफार बदललेलं. जमिनीच्या पोटात ते चालत आहेत आणि सगळ्या विहिरी वरून खाली लोंबताहेत, वडूजची, तासगावची, जतची. खाली पाणी एकच आहे, आणि त्या पाण्यात बोलणी ऐकू येतात. कुणाची ते कळत नाही. "लय शांत वाटतं बाई तितं," ते म्हणत. मी ते वहीत लिहीत नसे. आता वाटतं, लिहायला हवं होतं.

त्यांच्या सवयी सगळ्या कंपनीला ठाऊक होत्या. जागेवर गेल्यावर पंपातून पाणी आल्याखेरीज ते चहाला शिवत नसत. शेतकऱ्याच्या बायकोने कितीही आग्रह केला तरी कपबशी तशीच निवत पडे. पंपांचे नंबर त्यांच्या लक्षात राहत नसत, माणसं राहत. दुसरी सवय प्रश्नाची. कुठलाही पंप असो, हात लावायच्या आधी ते विचारत, "ह्यो रोज लावतं कोण?"

मी तो प्रश्न वहीत पहिल्या क्रमांकावर लिहिला होता. धाकट्या साहेबांनी वही चाळली आणि त्यावर काट मारली.

"हा तांत्रिक प्रश्न नाही," ते म्हणाले. "यंत्राने यंत्राबद्दल विचारावं. माणसांच्या चौकशा नकोत."

ते वाईट माणूस नव्हते. परदेशात शिकून आले होते, घाई होती एवढंच. मी तो प्रश्न काढून टाकला. चाचांना सांगितलं तेव्हा ते नुसते हसले.

खात्यातल्या फिटर लोकांना हे सगळं पसंत नव्हतं. एक दिवस जेवणाच्या सुट्टीत त्यांच्यातला एक जण माझ्यादेखत म्हणाला, "चाचा, त्या डब्याला शिकवू नगा. आज तुमी सांगतासा, उद्या तुमालाच म्हनतील जावा घरी."

"म्हनू द्या की," चाचा म्हणाले.

"आवं पर आमचं काय?"

त्यावर चाचा काही बोलले नाहीत. भाकरी मोडत राहिले. मला वाटलं, त्यांना उत्तर द्यायचं नव्हतं. खरं कारण मला तासगावला कळलं.

तासगावला एका द्राक्षबागेतला पंप बघायला आम्ही जीपने गेलो होतो. बेदाणा वाळवायच्या शेडजवळ चाचा खाली बसून पाइप न्याहाळत होते. मागून एक ट्रॅक्टर उलटा येत होता. ट्रॅक्टरवाल्याला चाचा दिसत नव्हते. मी हाक मारली. पुन्हा मारली. सगळी ताकद लावून ओरडले. ते पाइपावरून बोट फिरवत तसेच बसलेले. शेवटी मी धावत जाऊन त्यांचा दंड धरून ओढलं आणि आम्ही दोघंही मातीत पडलो. ट्रॅक्टरचं चाक त्यांच्या पिशवीवरून गेलं.

पंपाचं काम संपलं, पाणी आलं. मग ते शेडच्या पायरीवर बसले. वर जाळ्यांवर हिरवी द्राक्षं सुकत पडली होती आणि सगळीकडे गोडसर वास होता.

"चाचा, तुम्हाला ऐकू येत नाही का?" मी त्यांच्या समोर जाऊन विचारलं.

त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. "डाव्यानं अजिबात न्हाई. उजव्यानं थोडं, तेबी समोर बसून बोल्लं तर."

"कधीपासून?"

"चार वर्सं झाली. डाक्टर म्हनला, ऱ्हायलेलंबी जाणार." मग पिशवीतून स्क्रू ड्रायव्हर काढून त्यांनी माझ्या हातात दिला. "दातानं धरला की हाडातनं येतो आवाज. म्हणून त्यो धंदा. पर तेबी आता धुकं पडल्यावानी झालंय."

इतके महिने मी जे लिहून घेतलं होतं ते डोळ्यांसमोर आलं. फुटाणे, धाप, घसा, रुसवा. "मग तुम्ही मला सांगता ते सगळे आवाज?"

"आठवणीतलं हाय ते," चाचा म्हणाले. "आठवण बहिरी झाली न्हाई अजून. म्हणून तर घाई करतोय बाई. तुमच्या मशिनीत एकदा समदं गेलं म्हंजे मी सुटलो. तवर सांगू नगा कुणाला. सायबांना कळलं तर म्हनतील, बहिऱ्याचं काय लिवून घेतासा."

मी कुणाला सांगितलं नाही. पण त्या दिवसापासून आमची गती वाढली. शुक्रवारची दुपार सोडली तर आम्ही रोज बसत होतो. मी त्यांच्या समोर बसू लागले, ओठ नीट हलवून बोलू लागले. वहीवर वही भरत गेली. एखादा आवाज त्यांना सापडेनासा झाला की ते हौदातल्या पाण्यात हात बुडवून बसत. बोटांना लागणाऱ्या थरथरीतून तो आवाज हळूहळू परत येई, आणि चेहरा उजळे.

धाकट्या साहेबांनी यंत्राची परीक्षा घ्यायची ठरवली ती जतला. उन्हाळा होता. आम्ही तिघं जीपने पोचलो तेव्हा केंद्रावर एक माणूस तक्रार घेऊन उभाच होता. त्याच्या बहिणीच्या सासरी, गावाबाहेरच्या वस्तीवर, विहिरीचा पंप चार दिवस चालत होता पण पाणी देत नव्हता. वस्तीवर माणसं पंधरा आणि मेंढरं शंभराच्या वर. प्यायला टँकर येई तो तीन दिवसांतून एकदा.

कारकुनाने पडद्यावरचा एकेक प्रश्न वाचला, त्या माणसाने उत्तर दिलं, कारकुनाने टाइप केलं. आवाज कसा आहे? खडखड. विहिरीत पाणी आहे? आहे. सुरू करण्याआधी पंपात पाणी भरलं होतं? हो, भरतात की. सातआठ प्रश्न झाले. मग पडदा थोडा वेळ रिकामा राहिला आणि सांगलीहून उत्तर आलं : बेअरिंग खराब. पंप उचलून कारखान्यात पाठवावा.

साहेब खूश झाले. पण पंप उचलायचा म्हणजे आठ दिवस गेले. तो माणूस खाली बसला. "आठ दिवस मेंढरं कुठं न्यायची साहेब?"

"आपण जाऊन खात्री करू," साहेब म्हणाले. "चाचा ऐकतील."

वस्तीवर सगळं पांढरं दिसत होतं, जमीन, आभाळ, मेंढरं. विहिरीच्या काठावर पंप होता. घरची म्हातारी, दोन-चार नातलग आणि बाजूला पदर घेऊन उभी असलेली सून. पंप चालू केला. खरोखर खडखडत होता. चाचांनी स्क्रू ड्रायव्हर टेकवला, मूठ दातांत धरली, डोळे मिटले.

नेहमीपेक्षा जास्त वेळ गेला. ते मूठ इकडची तिकडे करत होते, पुन्हा चावत होते. कपाळावरून घाम वाहत होता. मला कळलं. हाडांतून येणारा आवाजही गेला होता.

"काय म्हणतोय चाचा?" साहेबांनी मागून विचारलं. "बेअरिंगच ना?"

उत्तर नाही. त्यांनी पुन्हा विचारलं. मी पुढे झाले आणि चाचांच्या खांद्याला हात लावला. त्यांनी डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं, मग साहेबांकडे. नुसती मान हलवली असती तर भागलं असतं. यंत्र म्हणालंच होतं. त्यांनी स्क्रू ड्रायव्हर बाहीला पुसला आणि पंप बंद करायला सांगितलं.

"सायेब," ते म्हणाले, "मला आयकू येत न्हाई. चार वर्सं झाली. दातानं येत होतं, आज तेबी आलं न्हाई."

साहेबांचा चेहरा आधी लाल आणि मग पडल्यासारखा झाला. चाचा म्हातारीकडे वळले.

"आजी, ह्यो पंप रोज लावतं कोण?"

म्हातारी बोलली ते कानडीत. केंद्रावरून आमच्याबरोबर आलेल्या कारकुनाने चाचांच्या समोर येऊन सावकाश सांगितलं, "थोरला लावायचा. तो चार दिवसांखाली निम्मी मेंढरं घेऊन चरायला खाली गेला. आता सून लावते."

"तिला म्हनावं, कसं लावतीस ते दाव."

सुनेने पुढे येऊन तांब्या भरला, पंपाच्या तोंडात ओतला. आणखी एक तांब्या ओतला. झाकण फिरवलं. आणि बटणाकडे हात नेला.

"थांब," चाचा म्हणाले. "हे पाणी कुठलं?"

तिने तांब्या पदराआड घेतला. कारकुनाने पुन्हा विचारलं तेव्हा खाली बघून म्हणाली, "टँकर नीरु." टँकरचं पाणी.

विहिरीवरचा पंप ओढू लागायच्या आधी त्याच्या पोटात आणि पाइपात काठोकाठ पाणी लागतं. थोरला दोन घागरी ओतायचा. ती मुलगी घरातल्या प्यायच्या पाण्यातलं दोन तांबे ओतत होती. तिसरा ओतायचा तिला जीव होत नव्हता. पंप अर्धा हवेवर खडखडत होता, आणि पाणी भरलं का या प्रश्नाला घरचे सगळे खरंच हो म्हणत होते.

"दोन घागरी आणा," चाचा म्हणाले.

घरात दोनच घागरी होत्या. टँकर परवा येणार होता. म्हातारी आमच्याकडे पाहत राहिली. आत्ताच स्वतःला बहिरा म्हणवणाऱ्या माणसाच्या शब्दावर घरातलं शेवटचं पाणी ओतायचं. साहेब हळूच मला म्हणाले, "ह्यांना खात्री आहे का?" मी म्हणाले, "तुम्हीच विचारा." त्यांनी विचारलं नाही.

शेवटी सूनच आत गेली आणि पहिली घागर घेऊन आली.

चाचांनी ती स्वतः ओतली, अगदी बारीक धारेने. पाण्यातून बुडबुडे येत होते. ते नाक टेकेल इतके वाकून बघत होते. दुसरी घागर अर्धी झाली तरी बुडबुडे थांबत नव्हते. पाव उरली. मग एक मोठा बुडबुडा आला, फुटला आणि पाणी आरशासारखं स्थिर झालं. त्यात चाचांचा चेहरा दिसत होता. त्यांनी झाकण बसवलं, पाइपावर तळहात ठेवला आणि सुनेला म्हणाले, "लाव."

पंप खडखडला, थांबेलसं वाटलं, आणि मग त्याचा आवाज एकदम खाली उतरला. चाचांना तो ऐकू आला नसणार. पण तळहाताला काहीतरी लागलं असावं. पाण्याच्या आधी त्यांचा चेहरा बदलला. मग पाइपातून पाणी आलं. मेंढरं आपणहून उठली आणि हौदाकडे चालू लागली.

त्या दिवशी चाचांनी तिथे दोन कप चहा घेतला.

परतताना जीपमध्ये, मिरज मागे पडल्यावर, साहेब मला म्हणाले, "तो पहिला प्रश्न परत घाला. आणि भरलं का असं विचारू नका, किती भरलं ते विचारा." मग वळून चाचांना सावकाश, तोंडासमोर तोंड धरून म्हणाले, "उद्यापासून जागेवर जायचं नाही. बाईंच्या शेजारी बसायचं."

म्हणजे चाचांना संगणकाच्या खोलीत बसवलं. चपला बाहेर काढून ते आले आणि पहिल्याच दिवशी खुर्ची सरकवून खाली बसले, मग नाइलाजाने वर. कार्यक्रमातले पडदे मराठीत होते. केंद्रावरच्या माणसांना इंग्रजी वाचता येत नसे म्हणून आम्ही तशी सोय मुद्दाम करून घेतली होती. यंत्राला उत्तर सापडलं नाही की केंद्रावरचा कारकून थेट निरोप लिहू शकत असे. ते निरोप चाचांच्या पडद्यावर येऊ लागले. हिरवी अक्षरं एकेक करून उमटत. वडूजहून एक जण लिही, चाचा, पंप धाप टाकतोय. चाचा एका बोटाने कळा शोधत उत्तर देत.

चार वर्षांत पहिल्यांदा त्यांना समोरच्याचं सगळं बोलणं पुरतं कळत होतं, आणि ते चाळीस-पन्नास मैलांवरून. काम नसलं तरी ते विचारत, जतला वारं हाय का, वडूजला बाजार भरला का. दुपारी खोलीत यंत्राची एकसारखी घूं चाले, ती त्यांना ऐकू येत नसे, आणि पडद्यापुढे ते असे बसत, जणू एखाद्या विहिरीत वाकून बघताहेत.

दोन वर्षांनी ते निवृत्त झाले आणि चाचींना घेऊन साताऱ्याला मुलीकडे राहायला गेले. फिटर लोकांपैकी कुणाला घरी जावं लागलं नाही. उलट कामं वाढली. पण पुढे कंपनीने नवी यंत्रं घेतली तेव्हा आमचा कार्यक्रम त्यांच्यावर चालेना, आणि तो पुन्हा लिहायला कुणाला सवड नव्हती. मलाही तोवर पुण्यात एका मोठ्या कंपनीत जागा मिळाली होती.

पुण्याला जाताना मी साताऱ्यात एसटीतून उतरले आणि चाचांच्या मुलीचं घर शोधलं. ते ओट्यावर बसले होते. थकले होते. कान आता दोन्ही पूर्ण गेले होते. चाचींनी हाताने खूण करून मी आल्याचं सांगितलं. त्यांनी मला समोर बसवलं. मी पिशवीतून वही काढली, तर त्यांनी हात हलवला.

"लिवू नगा बाई. बोला. मी बगतो."

मग मी बोलू लागले. नोकरी सोडल्याचं सांगितलं, आमचा कार्यक्रम बंद पडल्याचं सांगितलं. ते माझ्या चेहऱ्याकडे लक्षपूर्वक पाहत होते, मध्येच मान डोलवत होते. मग मी थांबलेच नाही. पुण्याची भीती वाटते, असं सांगितलं. वडिलांशी बोलणं तुटलंय ते सांगितलं, जे मी तोवर कुणालाच सांगितलं नव्हतं. समोर अजिंक्यताऱ्यावरचं ऊन उतरत गेलं. तासभर तरी मी बोलत होते. ते एकदाही दुसरीकडे पाहत नव्हते.

निघताना ते मला रस्त्यापर्यंत सोडायला आले. माझी पिशवी त्यांनी स्वतःच्या हातात घेतली होती. ती देताना म्हणाले, "बाई, तुमी काय बोल्लासा, त्यातलं मला कायबी कळलं न्हाई."

मी पिशवी खांद्याला लावली.

"आता समदी माझ्यासंगं हातानंच बोलत्यात," ते म्हणाले. "ऊठ, जेव, झोप. एवडंच. लय दिसांनी कुणीतरी माझ्याम्होरं बसून एवडं बोल्लं."